रविवारी सात गॉस्पेल गाणी, आणि आज गुरुवार

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरातला बावीस वर्षांचा एक मुलगा ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. हिंदी-मराठी गाणी, लग्नाची रिसेप्शनं, गणपतीतले कार्यक्रम, असं चार वर्षं चाललंय. आज दुपारी त्याला फोन आला: बाहेरगावाहून क्वायर (चर्चचा गायकवृंद) येतेय, त्यांचा बेसवाला तापानं झोपलाय, रविवारी संध्याकाळी चर्चमध्ये सात इंग्रजी गॉस्पेल गाणी, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून आलेली भक्तिगाणी, वाजवायची आहेत. शनिवारी दीड तासाची एकच तालीम. यादीतलं एकही गाणं त्यानं आजवर ऐकलेलं नाही. "दादा, हो म्हणून बसलोय. आता काय करू?"

हो म्हणालास ते बरं केलंस. मी ऑर्केस्ट्रा आणि चर्च अशा दोन्हीकडं सत्तावीस वर्षं बेस वाजवतोय आणि निम्म्याहून जास्त वेळा मला असंच ऐनवेळी बोलावलं गेलंय. त्यामुळं धीर द्यायच्या भानगडीत न पडता थेट कामाचं सांगतो.

सातही गाणी पाठ करायला बसू नकोस. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण तू आत्ता हेडफोन लावून पहिल्या गाण्यातला बेसवाला जे काही वाजवतोय ते सूर न् सूर उतरवत बसला असशील. तीन दिवसांत सात गाणी अशी डोक्यात बसत नाहीत. बसली तरी शनिवारी तालमीला गेल्यावर त्यातली दोन गळतात आणि दोन नवी येतात, हे लिहून ठेव. शिवाय रेकॉर्डिंगवर ऐकू येणारा तो माणूस त्या क्वायरबरोबर वर्षानुवर्षं वाजवत आलेला असतो. त्यानं तिसऱ्या अंतऱ्यात घेतलेली करामत ही त्याची त्या दिवसाची लहर असते, गाण्याचा भाग नसतो. तुला तीनच गोष्टी कळायला हव्यात: सा कुठं आहे, गाणं कुठून कुठं जातं, आणि संपतं कसं.

आज रात्री त्यांच्या कीबोर्डवाल्याला फोन कर. क्वायर कंडक्टरला नको, त्याच्या डोक्याला त्या आठवड्यात शंभर ताप असतात. कीबोर्डवाल्याला विचार, प्रत्येक गाण्याचं नेमकं कुठलं रेकॉर्डिंग धरलंय? एकाच गाण्याच्या यूट्यूबवर दहा-दहा आवृत्त्या असतात, स्टुडिओतली चार मिनिटांची आणि चर्चमधली अकरा मिनिटांची, आणि दोन्हींचा आराखडा वेगळा असतो. मग स्केल विचार. तो डी फ्लॅट, ए फ्लॅट असं बोलेल. गॉस्पेल पियानोवाल्यांना फ्लॅटवाल्या पट्ट्या फार आवडतात, त्यांचा हात तिथंच बसलेला असतो. घाबरू नकोस. डी फ्लॅट म्हणजे आपली काळी एक, पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी. ई फ्लॅट काळी दोन, ए फ्लॅट काळी चार, बी फ्लॅट काळी पाच. ज्या काळी एकमध्ये आपल्याकडं निम्मे पुरुष गायक पेटी घेऊन बसतात, तीच तिकडच्या चर्चमधली लाडकी पट्टी निघाली, याचं मला पहिल्यांदा फार हसू आलं होतं.

आता लिहून घ्यायचं कसं, ते सांगतो. अमेरिकेत नॅशव्हिलच्या स्टुडिओंमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीस नील मॅथ्यूज नावाच्या गायकानं कॉर्डना अक्षरांऐवजी आकडे द्यायची पद्धत काढली. पट्टीची पहिली कॉर्ड १, चौथी ४, पाचवी ५. गायकानं ऐनवेळी स्केल बदललं तरी कागद बदलावा लागत नाही. आज जगभर ही पद्धत वापरतात. गॉस्पेलवालेसुद्धा आपापसात "टू-फाइव्ह-वन" असंच बोलतात. आता बघ, हे आपल्याकडं शाळेतल्या पेटीच्या तासापासून आहे. १ म्हणजे सा, २ रे, ३ ग, ४ म, ५ प, ६ ध, ७ नी. तो "फोर" म्हणाला की तू मनात "म" म्हण. तालमीत आकडा ऐकून मग अक्षर शोधून मग फ्रेट (गिटारच्या दांडीवरचं घर) शोधणाऱ्यापेक्षा तू अर्धा सेकंद पुढं असशील. आणि बेसला अर्धा सेकंद पुष्कळ.

म्हणून कागदावर सी, एफ, जी काही लिहू नकोस. सरगम लिही. एका गाण्याला पोस्टकार्डाएवढा कागद, अक्षर मोठं, कारण चर्चमध्ये स्टँडवर उजेड नसतो. वर्स एका ओळीत, कोरस एका ओळीत, आणि व्हँप असेल तर त्याला चौकट. व्हँप म्हणजे शेवटाकडं येणारं ते दोन किंवा चार बारचं आवर्तन, जे फिरत राहतं आणि क्वायरचे आवाज एकावर एक चढत जातात. गॉस्पेल गाण्याचा खरा जीव तिथं असतो आणि नवखा बेसवाला नेमका तिथंच हरवतो, कारण वर्स-कोरस पाठ करून आलेला असतो आणि व्हँप ऐकताना त्यानं "आता तेच तेच चाललंय" म्हणून व्हिडिओ पुढं ढकललेला असतो. तू उलटं कर. गाणं शेवटाकडून ऐकायला सुरुवात कर.

ऐकताना फोनच्या स्पीकरवर ऐकू नकोस. बेसची मोकळी ई तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते. फोनचा इवलासा स्पीकर तिथवर उतरतच नाही, तुला फक्त वरच्या सुरांची सावली ऐकू येते आणि मग तू एक सप्तक चुकतोस. साधे वायरवाले इअरफोन चालतील. गुंतागुंत वाटली तर यूट्यूबचा वेग ०.७५ कर, सूर बदलत नाही. आणि बेस सापडला नाही तर तो वरच्या सप्तकात गुणगुणून बघ. गळ्यातून निघाला की बोटाला सापडतो.

आता हाताकडं येऊ. बेसच्या तारा चौथ्या-चौथ्या सुरात लावलेल्या असतात, याचा फायदा घे. ए तारेवर सा धर. त्याच फ्रेटवर शेजारच्या जाड तारेला प आहे, बारीक तारेला म आहे. म्हणजे सा-म-प हे तीन खांब एका रेषेत उभे. अर्धी गाणी यावरच उभी असतात.

उरलेल्या अर्ध्यांसाठी एक नागमोडी चाल शिकून ठेव, त्यावर तुझा रविवार निघेल. गॉस्पेलवाले तिला सेव्हन-थ्री-सिक्स-टू-फाइव्ह-वन म्हणतात, म्हणजे नी, ग, ध, रे, प, सा. पियानोवाला ओळीच्या शेवटी घरी परतताना याच वाटेनं येतो, कधी पूर्ण, कधी मधूनच शिरून, म्हणजे फक्त रे-प-सा किंवा ग-ध-रे-प-सा. काळी एकमध्ये हे बेसवर कसं पडतं बघ: ई तार आठवा फ्रेट, ए तार आठवा. ई तार सहावा, ए तार सहावा. ई तार चौथा, ए तार चौथा. आठ-आठ, सहा-सहा, चार-चार. जाड तार, मग बारीक, दोन फ्रेट खाली सरक, परत जाड, बारीक. बस्स. पट्टी बदलली तर हाच जिना उचलून दुसरीकडं ठेवायचा. आज रात्री काळी एक, काळी दोन आणि पांढरी एक, या तीन ठिकाणी शंभर-शंभर वेळा चढउतार कर. टीव्ही बघत केलीस तरी चालेल, खरंच.

दुसरी एक चाल इतकी वापरात असते की ती ओळखली नाहीस तर पंचाईत होईल. म वर गाणं थांबल्यासारखं होतं, मग बेस तीव्र म वर सरकतो, मग प वर, आणि वर क्वायर मात्र घरची कॉर्ड गातेय. सा ची कॉर्ड, पण खाली प. तिथं सवयीनं सा मारलास तर बेसूर होणार नाही, पण चढत आलेल्या माणसाला कुणीतरी मागून ओढल्यासारखं वाटतं. म, तीव्र म, प, मग बहुतेकदा ध, रे, प आणि सा. काळी एकमध्ये पहिले तीन सूर ई तारेवर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या फ्रेटवर लागोपाठ. आणि सा वरून म कडं जायचं असेल तेव्हा पियानोवाला सा च्या कॉर्डमध्ये कोमल नी मिसळतो. तो कोमल नी कानावर पडला की समज, पुढचं स्टेशन म. मधे सा-रे-ग असा चालत जा.

हा कोमल नी, हा ब्लूजचा वास तिथं कुठून आला, तर तो मुळातलाच आहे. गॉस्पेलचे जनक मानले जातात ते थॉमस डॉर्सी (१८९९ ते १९९३) आधी "जॉर्जिया टॉम" या नावानं ब्लूज पियानो वाजवायचे, गायिका मा रेनीबरोबर दौरे करायचे. पुढं १९३० च्या दशकात शिकागोच्या चर्चमधून त्यांनी तोच हात देवाच्या गाण्याला लावला. तेव्हा चर्चचं गाणं म्हणून फार सोवळ्यात वाजवू नकोस.

आपल्या कानाची एक अडचण मात्र आहे आणि ती कुठल्याही इंग्रजी व्हिडिओत सांगणार नाहीत, कारण ती त्यांना नाहीच. आपण तानपुऱ्याच्या गावचे. पलीकडं मिरजेत तानपुरे बनतात, इकडं अल्लादियाखाँसाहेब राजर्षी शाहूंच्या दरबारी गायचे. घरात कुणी गाणं शिकलेलं नसलं तरी आपल्या कानाला खाली सा हलत नाही आणि वर गाणारा हलतो, याची सवय आहे. गॉस्पेलमध्ये बरोबर उलटं घडतं. वर गायिका एकच सूर धरून उभी राहते आणि खाली बेस फिरतो. तिचा सूर तोच, पण दर पावलाला त्याचा रंग बदलतो.

हे वाचून समजणार नाही, करून बघ. पेटीवर किंवा तानपुऱ्याच्या ॲपवर नुसता सा लावून ठेव, प बंद कर. आता बेसवर सा वाजव. मग ध. मग म. मग रे. चारही वेळा वरचा सा चालतो. सा वर तो घरधनी असतो. ध वर तोच सा जरा उदास होतो. म वर भारदस्त. रे वर असा लटकतो की पुढं कुठंतरी जायलाच हवं. मग प वाजव, तिथं तो अडून राहतो, आणि परत सा. या पाच मिनिटांत तुला कळेल की चर्चमध्ये लोक डोळे मिटून रडतात तेव्हा त्यात तुझ्या डाव्या हाताचा वाटा किती असतो. आणि हेही कळेल की चुकीच्या वेळी हलायचं नाही. गायिकेनं सूर धरलाय आणि पियानोवाला अजून म वर आहे, तर तू रे वर उडी मारून हुशारी दाखवू नकोस.

तालाचं. ऑर्केस्ट्रात तू केरवा आणि दादरा यांत वाढलास, आणि संथ गॉस्पेल गाणं ऐकलंस की म्हणशील, अरे हा तर दादरा. मोजायला दादराच आहे, सहा मात्रा. पण वजन उलटं. दादऱ्यात चौथ्या मात्रेवर खाली, म्हणजे हलकी मात्रा, येते. इथं नेमक्या चौथ्यावर ड्रमरचा स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) पडतो, सगळ्यात मोठा आवाज तिथंच. तू जर चौथी हलकी धरलीस तर तुझं आणि ड्रमरचं नवरा-बायकोसारखं भांडण चालू राहील. पहिल्या मात्रेवर लांब, भरीव सूर दे, चौथ्यावर त्याला वाट दे, आणि सहाव्यावरून पुढच्या एकवर घसरत ये. एवढंच. चार मात्रांच्या गाण्यात टाळी दोन आणि चारवर. आपल्याकडचा श्रोता प्रेमानं एक आणि तीनवर वाजवणार, त्याला कोण काय म्हणणार! तू टाळ्यांकडं कान देऊ नकोस. ड्रमरच्या उजव्या पायाकडं बघ. तो पाय पडतो तिथं तू. तो पाय पडत नाही तिथं तू शक्यतो नाही.

आणि गाण्याची सुरुवात बऱ्याचदा मोकळी असते, तालाशिवाय, नुसता पियानो आणि एक आवाज. तिथं वाजवू नकोस. हात तारांवर ठेवून गप्प उभा राहा. ऑर्केस्ट्रात रिकामा हात दिसला की मालक डोळे वटारतो, इथं तसं नाही. प्रार्थना किंवा बोलणं सुरू झालं आणि पियानो मंद वाजत राहिला, तेव्हाही तेच.

आता माझी फजिती सांगतो, म्हणजे तुझी वाचेल. नवा होतो तेव्हाची गोष्ट, जवळच्याच एका गावात, चर्चचं नाव नको. मला कुणीतरी सांगितलं होतं की गाणं माहीत नसेल तर कीबोर्डवाल्याचा डावा हात बघत वाजवायचं. सल्ला सोन्यासारखा आहे, आजही मी तेच करतो. मी बघितलं, त्याची करंगळी पांढरी एकवर. मी पांढरी एक धरली. अख्खा वर्स वाजवला आणि सगळं असं काही घाणेरडं लागत होतं की मला वाटलं माझा बेस उतरलाय. मधेच वाकून ट्यून करायला लागलो. पुढं बसलेल्या एका आजींनी कानावर हात ठेवले. दुसऱ्या कोरसला त्या कीबोर्डवाल्याच्या लक्षात आलं आणि त्यानं हळूच स्क्रीनकडं बोट केलं: ट्रान्सपोज अधिक एक. तो बोटं पांढरी एकची चालवत होता आणि आवाज काळी एकचा येत होता. आपल्या ऑर्केस्ट्रातले निम्मे कीबोर्डवाले हेच करतात हे मला माहीत होतं, पण तिथं सुचलं नाही. तेव्हा शनिवारी तालमीला पोचल्यावर नमस्कार झाला की दुसरं वाक्य: "ट्रान्सपोज लावताय का?" लावत असेल तर किती आणि गाण्यागणिक बदलतो का, ते प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात लिही.

उभा कुठं राहणार ते तालमीतच ठरव. कीबोर्डच्या डाव्या टोकाला, त्याचा डावा हात आणि ड्रमरचा पाय दोन्ही दिसतील असा. आणि एक विनंती त्याला गोड बोलून कर की तू वाजवतोयस तेव्हा त्यानं डाव्या हाताचे खालचे सप्तक हलके ठेवावेत. एरवी बेसवाला नसताना तो स्वतःच बेस भरत असतो आणि दोघं मिळून खाली नुसता चिखल होतो. चांगला वाजवणारा असेल तर तो स्वतःच हे करेल. नसेल तर तूच कमी वाजव. त्याच्या क्वायरपुढं त्याच्याशी स्पर्धा करायची नाही.

पट्टी चढणं, म्हणजे मॉड्युलेशन. गॉस्पेलमध्ये हे हमखास असतं आणि व्हँपमध्ये तर एकापाठोपाठ एक. काळी एक, मग पांढरी दोन, मग काळी दोन, मग पांढरी तीन. प्रत्येक वेळी क्वायर अर्ध्या सुरानं वर आणि सभागृहातला आवाज दुप्पट. अक्षरं लिहिणारा माणूस इथं संपतो. तुझं काय होणार? सगळा नकाशा एक फ्रेट पुढं, ए तारेवर चार, पाच, सहा, सात. एवढंच. फक्त एक कर: नव्या सा वर उतरायच्या आधी एक ठोका नव्या पट्टीचा प वाजव. नव्या फ्रेटवर जाड तार. त्यानं ऐकणाऱ्याला आणि क्वायरला दोघांना कळतं कुठं जायचंय. आणि पांढरी दोन किंवा पांढरी तीनमध्ये आल्यावर मोकळ्या तारांचा मोह होतो, तो टाळ. मोकळी तार वाजली की हाताचा नकाशा मोडतो आणि पुढच्या चढाला तू जागेवर नसतोस.

खुणा तालमीत विचारून घे. मी ज्यांच्याबरोबर वाजवलं त्या बहुतेक कंडक्टरांचा अंगठा वर म्हणजे पट्टी वर, बोट गोल फिरवलं म्हणजे अजून एक आवर्तन, मूठ मिटली म्हणजे तोड. पण एका बाईंची मूठ म्हणजे "आवाज लहान" होती, हे मला कार्यक्रमात कळलं. मी एकटाच थांबलो होतो.

शेवट. शेवटच्या ओळीला टॅग म्हणतात आणि ती बहुधा तीनदा येते. आपल्या तिहाईसारखीच समज, फक्त सम टाळत टाळत जाणारी. पहिल्या दोन वेळा ओळ संपते तेव्हा सा वर न उतरता बेस ग वर किंवा ध वर जातो आणि तो नागमोडी जिना परत फिरून येतो. तिसऱ्यांदा खरा सा. पहिल्याच वेळी सा वर धपकन बसलास तर गाणं तिथंच संपल्यासारखं होतं, आणि उरलेले दोन फेरे सगळे तुझ्याकडं बघत गातात. टॅग किती वेळा, हा प्रत्येक गाण्याला विचारायचा प्रश्न. उत्तर "बघू, तिथं ठरवू" असं आलं तर कंडक्टरच्या हातावरून डोळा हलवू नकोस.

आणि तरीही हरवशील. मीही हरवतो. हरवलास की बोटं जास्त चालवायची उबळ येते, ती आवर. फक्त पहिल्या मात्रेवर एक आखूड सूर, बाकी डावा हात तारांवर अलगद ठेवून नुसता ठोक्याचा आवाज. ताल सुटला नाही तर सूर चुकलेला फार थोड्यांना कळतो. चुकीचा सूर लागलाच तर बहुतेक वेळा बरोबरचा शेजारच्याच फ्रेटवर असतो. उडी न मारता तिथं घसरत जा, म्हणजे मुद्दाम घेतल्यासारखं वाटतं. गॉस्पेल वाजवणारे अर्ध्या सुरावरून घसरत येतातच, त्यामुळं तुझी चूक त्यांच्याच शैलीत बसून जाते. हा लबाडीचा सल्ला आहे, पण माझ्या अर्ध्या नावलौकिकाचा आधार हाच आहे.

स्लॅप, म्हणजे अंगठ्यानं तार ठोकून वाजवणं, करू नकोस. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांमागं ज्याचा बेस आहे तो जेम्स जेमरसन उजव्या हाताची एकच तर्जनी वापरायचा. तुझी दोन बोटं पुष्कळ झाली. पाच तारांचा बेस कुणाकडून मागून आणायचा विचार तुझ्या डोक्यात नक्की येणार, कारण व्हिडिओत सगळ्यांच्या हातात तोच दिसतो. खालची ती बी तार काळी एकचा खर्जातला सा देते, खरं आहे, आणि ऐकायला अंगावर काटा येतो. पण चार तारांची सवय असलेल्या हाताला तीन दिवसांत ती जाड तार फक्त गोंधळात पाडते. ई तार समजून बी वर बोट जातं. तुझाच बेस घेऊन जा.

जुन्या दगडी चर्चचा आवाज हा वेगळाच प्रकार असतो. वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, त्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च आहे, तसंच ऑल सेंट्स चर्च आहे. उंच छत आणि दगडी भिंतींची इमारत असली की खालचे सूर भिंतींना धडकून घुमत राहतात. आधीचा सूर विरायच्या आत पुढचा येतो. तिथं ॲम्प्लिफायरवरचा बेस कमी कर, मधले सूर थोडे वाढव, सूर आखूड ठेव, आणि तळव्यानं ब्रिजजवळ (तारा खाली टेकतात तिथं) तारा किंचित दाबून वाजवून बघ. तालमीला हॉल रिकामा असेल तेव्हा घुमारा जास्त वाटेल. रविवारी माणसं भरली की थोडा कमी होतो. त्यामुळं शनिवारी लावलेलं सगळं रविवारी परत कान लावून तपास. आणि छोट्या गिटार ॲम्पमध्ये बेस जोडून आवाज चढवू नकोस, त्याचा स्पीकर फाटेल आणि भरपाई तू देशील. त्यापेक्षा डीआय बॉक्समधून, म्हणजे बेस थेट मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या डबीतून, मिक्सरमध्ये जा.

एक गोष्ट राहिली. अशा कार्यक्रमात मधे किंवा शेवटी एखादं मराठी भजन येतंच, यादीत नसलं तरी. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी (१८६१ ते १९१९) मराठी चर्चमध्ये अभंग-भजनाची वाट रुळवली, आणि लोक त्याच वाटेवर टाळ घेऊन मोकळे होतात. इंग्रजी गाण्यांना जपून गाणारा हॉल त्या भजनाला छत उचलतो. तिथं रविवारसाठी पाठ केलेला नागमोडी जिना बाहेर काढू नकोस. भजनाला फिरत्या कॉर्ड फार सोसत नाहीत. सा आणि प धरून बस, तबल्याच्या डग्ग्याबरोबर चाल, गरज वाटली तर म. पाहुणा कीबोर्डवाला तिथं चाचपडत असेल, तेव्हा त्याला तुझ्या डाव्या हाताकडं बघू दे.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कागद झाले की मला त्यांचे फोटो पाठव, मी बघून सांगतो. नव्या तारा लावायच्या असतील तर उद्याच लाव, रविवारी सकाळी नको, त्या ताणायला वेळ लागतो आणि तोवर उतरत राहतात. आणि तुझा बेस ॲक्टिव्ह, म्हणजे आत सेलवर चालणारं सर्किट असलेला, असेल तर शनिवारी तालमीवरून आल्यावर केबल जॅकमधून काढून ठेव. ती आत राहिली की रात्रभर नऊ व्होल्टचा सेल खात बसते. जास्तीचा एक सेल खिशात असू दे, रविवारी दुकान उघडं असेलच असं नाही.